असानाकूनची राजी

"डावीकडे वळा," असं फोनच्या काचेवर आलं, म्हणून सायराकान डावीकडे वळली. "आणखी थोडं डावीकडे." ती आणखी वळली. तशी काचेवरची ती हिरवी टिकली भुर्रकन दुसऱ्या बाजूला पळाली आणि खाली अक्षरं उमटली, "उजवीकडे वळा."

"मेल्या, मी काय मळणीचा घोडा आहे गोल गोल फिरायला?" ती फोनवर खेकसली.

सकाळचे आठ वाजले होते. कारा-तोरच्या कुरणावर, तंबूंच्या मागच्या उघड्या टेकडीवर, ती हात लांब करून उभी होती. पायाशी नमद्याच्या तुकड्यावर तिचे सासरे तोक्तोगाझी मांडी ठोकून बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, दाढी धुऊन विंचरलेली, अंगात नवा कोट. दुपारी बाराला खालून गाडी येणार होती. त्या गाडीने ते शहर गाठणार, उद्या विमानात बसणार आणि हजला जाणार. अकरा वर्षं यादीत नाव होतं. अकरा वर्षांत त्या यादीतली कितीतरी माणसं थेट वरच्याच्या दारी गेली, पण यांचा नंबर शेवटी लागला. जाण्याआधी घोडींच्या पहिल्या दुधाच्या आंबूस कुमीसला आशीर्वाद द्यायचा म्हणून दोन दिवस वर कुरणावर आले होते. आशीर्वाद दिला, वाटीभर कुमीस प्याले, रडले, सुनेला राजी विचारली, म्हणजे झालंगेलं मनापासून माफ ना असं विचारलं, लेकाला विचारली, शेजारच्या तंबूतल्या म्हातारीला विचारली. सगळे राजी. सामान बांधून झालं. आणि काल संध्याकाळी, हात धुता धुता, म्हणाले काय, तर "असानाकूनची राजी घ्यायची राहिली. ती आल्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही."

असानाकून म्हणजे त्यांचा दूधभाऊ. तोक्तोगाझींची आई बाळंतपणात गेली, तेव्हा असानाकूनच्या आईने एका अंगावर आपलं पोर आणि दुसऱ्या अंगावर हे असं दोघांना वाढवलं. तो असानाकून चाळीसेक वर्षांपूर्वी खोरं सोडून तालासला गेला तो परत आला नाही. दोघांचं बोलणं बंद. का, तर एका करड्या घोड्यापायी, असं खोऱ्यात सगळेच सांगत.

"अताके," सायराकान म्हणाली होती, "खाली गावात होतात तेव्हा सिग्नल काय कमी होता? फोन लावायचा. दोन मिनिटांचं काम."

"गावात कामं होती."

"महिनाभर?"

"महिनाभर."

"आणि नंबर कुठून आणू आता?"

तेव्हा म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि अस्तरातून घडी घातलेली चिठ्ठी काढून तिच्या हातावर ठेवली. घडीच्या जागी कागद झिजून विरला होता. म्हणजे महिनाभर नंबर डोक्यावर घेऊन फिरत होते! सायराकानने कपाळावर हात मारून घेतला.

"मग पुलापाशी लावा. गाडी तीन तासांत पुलापाशी पोचते, तिथे सिग्नल येतो."

"राजी पाऊल उचलायच्या आधी घ्यायची असते, पोरी. पुलावरून मागितली तर ती राजी नव्हे, पळत्या घोड्यावरून टाकलेला सलाम आहे."

यात थोडा दोष गावच्या मशिदीतल्या मोल्दोंचाही होता. मोल्दोंचा गळा असा गोड की बोधाची गोष्ट ते सांगत नाहीत, गातात. हजला जाणाऱ्यांना मशिदीत बसवून त्यांनी गाऊन सांगितलं होतं, की एक यात्रेकरू सात देश ओलांडून पवित्र दारापाशी पोचला, तर दारवान विचारतो, बाबा रे, तुझ्या मागे कोण आहे? कोणी नाही, एकटा आहे. दारवान म्हणतो, मग तुझ्या अंगरख्याची किनार कोणी धरली आहे? वळून बघतो तो एक हात. नुसता हात, घरापासून इथवर लांबत आलेला. ज्याला दुखावून आला होता त्याचा हात. मोल्दोंनी शेवटच्या ओळीला असा आलाप घेतला की अख्खी मशीद हुंदके देऊ लागली. असं गाणं कानावर पडणं हे भाग्यच. देवाची वाट सुरांतून जितकी उघडते तितकी कशातून नाही. पण मोल्दो गाऊन घरी गेले, आणि हात लांब करून टेकडीवर उभं राहणं मात्र सुनेच्या वाट्याला आलं.

फोन तिची लेक बेगाय हिने शिकागोहून पाठवलेला. जिथे टॉवर नाही तिथेही तो थेट आकाशातल्या उपग्रहाला धरून निरोप पाठवतो. बोलता येत नाही, चित्र जात नाही. चार ओळी लिहायच्या, आभाळाकडे धरायचा आणि थांबायचं. उपग्रह डोंगराआडून वर आला की दहा-बारा मिनिटं हाती लागतो, मग दुसऱ्या डोंगराआड जातो. पुढचा येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं नुसतं वाऱ्यात उभं राहा. बॅटरी एकतीस टक्के. सूर्यावर चालणारी चार्जिंगची पाटी परवाच शिंगराने लाथ मारून फोडली होती.

"सापडला!" ती ओरडली. "सांगा लवकर, काय लिहू?"

तोक्तोगाझींनी घसा साफ केला. "लिही. अस्सलामु अलैकुम, असानाकून. सुखरूप आहेस का? पाय-पाठ धड आहे का? लेकरंबाळं सुखरूप? सुना-जावई सुखरूप? गुरंढोरं हिवाळ्यातून नीट बाहेर पडली का? तालासला यंदा गवत कसं आहे?"

"अताके, गवताचं राहू द्या! उपग्रह जातोय!"

"चाळीस वर्षांनी सलाम करतोय आणि गुराढोरांची चौकशी नको? मी काय करवसुलीला आलोय?"

लिहिलं. 'पाठवत आहे' आलं, निळी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकली, आणि नेमका सलाम तेवढा गेला. पुढचं लिहायला घेतलं तर टिकली विझली. उपग्रह डोंगराआड.

वीस मिनिटं. खाली मेलिस, तिचा नवरा, शिंगरं बांधायचा दोर सोडवत होता. त्यातलं एक शिंगरू सुटून घोडीखाली गेलं आणि सकाळचं दूध पिऊन मोकळं झालं, तरी याला पत्ता नाही. "अहो!" ती वरून ओरडली, "लक्ष कुठे आहे? तालासवाल्याची राखण चाललीय का?"

कारा-तोरच्या खोऱ्यात ही म्हणच होती. कोणी पहाऱ्यावर डुलकी काढली, कोणाचं दूध उतू गेलं, की लोक म्हणत, असानाकूनची राखण! सायराकान सून, सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तिने तोंडाने घ्यायचं नाही, तशी रीत. म्हणून ती तालासवाला म्हणे. म्हण मात्र सगळ्यांसारखीच वापरे. टेकडीवर बसलेल्या सासऱ्यांनी मान खाली घातली आणि गवताची काडी मोडली. तिला वाटलं, वारा बोचतोय.

उपग्रह आला. उत्तर खाली उतरलं. "वालैकुम अस्सलाम. सुखरूप. आपण कोण?"

"कोण म्हणजे काय!" म्हातारा उसळला. "नाव नाही लिहिलंस?"

"नाव मी कसं लिहू, अताके?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. वीस वर्षांत तिने त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, दवाखान्याच्या चिठ्ठीवरसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं. नवऱ्याचं नाव नाही, चुलत सासऱ्यांचं नाही. "थांबा, सुचलं," ती म्हणाली आणि भराभर लिहिलं, "कारा-तोरहून बेगायचे आजोबा." पाठवलं. रेघ सरकली. उत्तरही लगेच आलं, कारण तिकडचा माणूस आता फोन हातात धरूनच बसला असावा.

"कोण बेगाय?"

"अगं, बेगाय जन्मली तेव्हा त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती! त्याला काय स्वप्न पडणार? माझं नाव लिही. मी परवानगी देतो."

"परवानगी तुम्ही दिलीत, पण माझ्या हाताला कोण देणार? तुमची सासूबाई मला वरून बघतेय असं वाटतं. म्हणजे माझी सासूबाई."

"दे इकडे." म्हाताऱ्याने फोन घेतला आणि अंगठा काचेवर दाबला. काही नाही. जन्मभर दोर आणि लगाम धरलेला तो अंगठा, त्याला भेगा पडून खापराचा तुकडा झाला होता. काच त्याला माणसाचं बोट मानायलाच तयार नाही. तर्जनी लावली. तीही नाही. शेवटी त्यांनी नाक लावलं आणि एकदम तीन अक्षरं उठली.

"अताके, तुमच्या नाकाने 'झझप' लिहिलं."

"उपग्रहाला नाक चालतं, बोट चालत नाही. काय जमाना आलाय."

शेवटी असं ठरलं की सायराकानने अक्षर दाखवायचं आणि म्हाताऱ्याने बोटाच्या मऊ पेराने ते दाबायचं. ती मान वळवून दाखवी, "हे. आता हे. आता याच्या शेजारचं." म्हातारा दाबी.

"हे म्हणजे तू लिहिलंसच की."

"मी दाखवलं. दाबलं तुम्ही."

नाव लिहून झालं तेव्हा उपग्रह गेला होता. सायराकान मटकन खाली बसली. साडेनऊ. बॅटरी चोवीस. हात खांद्यापासून दुखत होता, चुलीवरचं दूध कोण बघतंय देव जाणे, कणीक मळून तशीच टाकलेली, वाटेसाठी तळायची बोरसोक अजून एक तळलेली नाही. आणि हे बसले आहेत निवांत, दाढी कुरवाळत.

पुढच्या फेरीला मात्र तिने कमरेला पदर बांधावा तशी तयारी केली. उपग्रह येण्याआधीच त्या नावाखाली सगळं लिहून ठेवलं: "हजला निघालो आहे. बाराला गाडी. करड्या घोड्याबद्दल राजी हो." सलाम नाही, गवत नाही. वाचून दाखवलं. तोक्तोगाझींचा दाढीवरचा हात थांबला.

"घोड्याचंच लिहिलंस?"

"मग काय लिहू? भांडण घोड्याचंच ना?"

"घोड्याचं. असू दे. धाड."

ती घोड्याची गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक. असानाकूनने एकदा आपला करडा घोडा यांच्याकडे सांभाळायला ठेवला, यांनी तो शर्यतीत पळवला, आणि त्याचा पाय कायमचा गेला. निरोप गेला. फोन वळा म्हणाला तशी ती वळत राहिली. आणि काचेवर उत्तर उतरलं, तेव्हा तिने एवढ्या जोरात आरोळी ठोकली की खालची शिंगरं बिथरली.

"राजी! अताके, राजी! ऐका, 'घोड्याचं केव्हाच सोडलं. राजी आहे.' चला, उतरा खाली, मी बोरसोक तळते!"

"आणखी काही लिहिलंय?"

तिने पाहिलं. खाली आणखी एक शब्द होता. "दुसरं?"

"दुसरं काय?" ती म्हणाली. "'दुसरं' असं विचारतायत. दुसरं काही नाही ना? मी लिहिते, दुसरं काही नाही, खुदा हाफिज."

"नको लिहू."

म्हातारा उठला. टेकडीच्या पलीकडल्या कडेपर्यंत चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. नवा कोट वाऱ्याने फडफडत होता. उपग्रहाची टिकली भरली होती, सगळं कसं स्वच्छ, आणि लिहायला शब्द नाही! सायराकानला वाटलं, फोन नदीत फेकून द्यावा आणि मागोमाग आपण.

"अताके! पाच मिनिटं राहिली!"

"लिही," ते तिकडूनच म्हणाले. "कळत-नकळत जे काही चुकलंमाकलं असेल, त्या सगळ्याबद्दल राजी हो."

हे वाक्य खोऱ्यातलं प्रत्येक माणूस हजला जाताना, मरताना, दूरच्या गावी लेक देताना म्हणतो. समोरचा म्हणतो, राजी, राजी. झालं. तिने तेच धाडलं. आता कोणता शहाणा याला हरकत घेईल?

तालासच्या शहाण्याने घेतली. "कळत की नकळत?"

"बघा हो!" सायराकान जवळजवळ रडकुंडीला आली. "हा माणूस आहे की फौजदार? अताके, असलं काय आहे? घोड्याहून मोठं काय आहे?"

म्हातारा तसाच पाठ करून उभा. उपग्रह गेला. त्या पंचवीस मिनिटांत ती खाली धावत गेली, दूध उतरवलं, कढईत चार बोरसोक टाकली, दोन जाळली, धावत वर आली. म्हातारा तिथेच. बॅटरी सतरा. आणि खालच्या वळणावर धूळ दिसली.

गाडी वेळेआधी आली. गाडीवाला झानीबेक खोऱ्यातलाच. एका गावात सकाळी खोकलं तर दुसऱ्या गावात दुपारी औषध पोचवणारा माणूस. त्याने उतरल्या उतरल्या भोंगा वाजवला. "अक्साकाल! पुलावर पाणी चढतंय, दुपारी वितळलेलं बर्फ उतरलं की गाडी जाणार नाही! अर्ध्या तासात निघायचं!"

"चला, अताके," सायराकान म्हणाली. "पाया पडते. अकरा वर्षं वाट पाहिलीत. घोड्याची राजी मिळाली, बाकीची वाटेत मिळेल. तुम्ही नाही गेलात तर तुमची जागा दुसऱ्याला जाईल. पुन्हा नंबर लागेल तेव्हा तुम्ही..."

"तेव्हा मी नसेन," म्हाताऱ्याने पुरं केलं. "म्हणूनच म्हणतो, बस इथे. लिहायला लागेल. आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही."

ती बसली.

"मेलिसच्या जन्माच्या आदला हिवाळा," ते म्हणाले. "सरकारी शेताचा कळप होता, आम्ही दोघं हिवाळी गोठ्यावर. एक रात्र तो जागायचा, एक रात्र मी. त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. पाळी माझी होती. नदीपलीकडे एक लग्न होतं, तिथे तुझी सासू येणार होती. मी म्हटलं, तासाभरात येतो. त्याला सांगितलंही नाही. तो झोपलेला. मध्येच वादळ आलं. मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन चालत राहिल्या आणि कड्यावरून गेल्या. त्रेसष्ट."

सायराकानचा फोन धरलेला हात मांडीवर आला.

"तिसऱ्या दिवशी चौकशीवाले आले. कागद पुढे ठेवला. पहाऱ्यावर कोण होतं? तो तापात बरळत होता. मी सही केली. असानाकून होता, झोपला, असं लिहून सही केली. त्याच्या आईचं दूध पिऊन त्याच हाताने सही केली. तो बरा झाल्यावर ओरडून ओरडून सांगत होता, कोणी मानलं नाही. कागदावर भावाची सही होती ना." म्हाताऱ्याने नाक पुसलं. "पुढे लोकांनी म्हण केली. ती म्हण मी पण हसून ऐकली. माझ्या घरात ऐकली. सकाळी सुद्धा ऐकली."

सायराकानचे कान तापले. इतका वेळ तिला राग फोनचा होता, डोंगराचा होता, असानाकूनच्या फौजदारीचा होता. आता तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. सासऱ्यांवर ठेवावा तर ते समोर पोरासारखे बसलेले. स्वतःवर ठेवावा तर बॅटरी सतरावरून पंधरावर आलेली. शेवटी ती फक्त म्हणाली, "हे पाच ओळींत कसं बसवू, अताके?"

"बसव. तुला येतं."

आणि तिने बसवलं. "त्रेसष्ट मेंढ्या. पाळी माझी होती. मी लग्नाला गेलो. तू तापात होतास. मी खोटी सही केली. कळत केली. राजी हो." शेवटी नाव लिहायची पाळी आली. या वेळी तिने अक्षरं दाखवली नाहीत. तिने स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर, 'तोक्तोगाझी' असं लिहिलं. सासूबाई वरून बघत असतील तर बघोत, त्यांच्याच लग्नाआधीची भानगड होती.

भोंगा वाजला. "अक्साकाल, पूल!" मेलिस टेकडी चढून वर आला. "काय चाललंय? बाबांना खाली आण."

"थांबा हो!" ती ओरडली. उपग्रह आला होता. ती उभी राहिली, वळली, आणखी वळली. निळी रेघ अर्ध्यावर अडकली. 'पुन्हा प्रयत्न करत आहे.' तिने हात आणखी उंच केला, जणू चार बोटांनी आकाश जवळ येणार होतं. गेली! मग काहीच नाही. एक मिनिट. तीन मिनिटं. टिकली डोंगराच्या काठाकडे सरकत चाललेली. बॅटरी अकरा.

आणि उत्तर उतरलं. "घरात सांगितलंस का कधी?"

तिने वाचून दाखवलं. तोक्तोगाझींनी मेलिसकडे पाहिलं. झानीबेकही तणतणत वर आला होता. चाबकासारखा किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता.

"झानीबेक, तूही ऐक," म्हातारा म्हणाला. "तू ऐकलंस म्हणजे खोऱ्याने ऐकलं." आणि उभं राहून, टोपी हातात घेऊन, त्याने सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा थोडक्यात, पण 'खोटी सही' हे शब्द गिळले नाहीत. झानीबेकच्या हातातला जुडगा फिरायचा थांबला. मेलिसचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. शाळेत असताना असानाकूनच्या पुतण्याला त्याने याच म्हणीवरून मारलं होतं. त्या पोराचा दात पडला होता. मेलिसने तोंड फिरवलं आणि डोंगराकडे बघत राहिला.

सायराकान लिहीत होती. कोणी सांगितलं नव्हतं, तीच लिहीत होती: "मी सून. आत्ता सांगितलं. मुलासमोर, गाडीवाल्यासमोर. मी साक्षी आहे." रेघ सरकली. सरकली. टिकली काठाला टेकली होती. गेली.

आता वीस-पंचवीस मिनिटं. झानीबेकने पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तो गवतात बसला. म्हणाला, "वरच्या अंगाने पूल सोडून उताराची वाट आहे. गाडी खरवडेल थोडी. थांबू."

ते चौघं बसून राहिले. कढईतलं तेल खाली जळत असल्याचा वास आला, तरी सायराकान उठली नाही. तिने फोन छातीशी धरला होता, गारठ्याने बॅटरी उतरू नये म्हणून. सहा टक्के.

टिकली उगवली. वळा. आणखी वळा. झानीबेकने तिचं कोपर खालून धरून उचलून दिलं. निरोप एकदम आला नाही. आधी अर्धा आला, मग उरलेला. तिने मनात वाचला. मग तोंडाने वाचायला घेतला, पण पहिल्या शब्दानंतर तिने फोन मेलिसच्या हातात दिला आणि त्याने वाचलं.

"राजी आहे. माझी बायको उल्झान गेल्या वर्षी गेली. मी झोपलो होतो असंच ती शेवटपर्यंत मानत होती. मला कधी बोलली नाही, पण मानत होती. तिथे पोचलास की दुवा मागताना तिलाही हे सांग."

फोन विझला. मेलिसने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काळी काच.

"पुन्हा वाच," तोक्तोगाझी म्हणाले.

"बंद पडला, बाबा."

"मग तोंडाने सांग. नाव काय म्हणाला तिचं?"

"उल्झान."

म्हाताऱ्याने नाव दोनदा म्हणून पाहिलं. राजी मिळालेल्या माणसाचा चेहरा उजळतो म्हणतात. त्यांचा उजळला नाही. त्यांच्या खांद्यावर कोणी जड खोगीर ठेवावं तसे ते जरा वाकले आणि मग त्या वजनासकट नीट उभे राहिले. टोपी घातली. टेकडी उतरताना त्यांनी हात पुढे केला. मेलिस क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने तो हात धरला, पण बापाकडे पाहिलं नाही.

सायराकानने जळक्या कढईतून जेवढी निघाली तेवढी बोरसोक फडक्यात बांधून खिडकीतून आत दिली.

"यातली काही करपलीत, अताके."

"असू देत," ते आतून म्हणाले. "पोरी, एका कागदावर ते नाव लिहून दे. तिथे एवढ्या गर्दीत माझ्या ध्यानातून गेलं तर?"

झानीबेकने बिलबुकातला कागद फाडून दिला. तिने गाडीच्या टपावर ठेवून लिहिलं: उल्झान, असानाकूनची बायको. घडी घातली आणि दिली. गाडी वरच्या अंगाने, उताराच्या वाटेने, दगडांवर खडखडत निघून गेली.